अंकुशकाकांचा अंदाज

अंकुशकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते नमस्कार म्हणाले नाहीत. डोक्यापासून चपलेपर्यंत एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, "एकोणपन्नास."

मला वाटलं, खोलीचा नंबर सांगतायत. मी "थँक्यू" म्हटलं आणि एकोणपन्नास नंबरची खोली शोधत निघाले. आमच्या कॉलेजात एकूण अकरा खोल्या आहेत आणि त्यातल्या दोनांत कडबा भरलेला असतो. बऱ्याच वेळाने ऑफिसातल्या क्लार्क मॅडमनी मला व्हरांड्याच्या टोकावरून परत आणलं. म्हणाल्या, "अगं, वजन सांगितलं त्यांनी तुझं. सगळ्यांचंच सांगतात. मनावर घेऊ नको."

मी मनावर घेतलं. संध्याकाळी गेवराईला जाऊन औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभी राहिले. एकोणपन्नास किलो दोनशे ग्रॅम. दुसऱ्या दिवशी सगळा धीर गोळा करून काकांना गाठलं आणि सांगितलं, की तुमचा अंदाज दोनशे ग्रॅमने चुकला.

काका विचारात पडले. "मोबाईल हातात व्हता का?"

होता.

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले आणि शेळ्यांना पाला टाकायला निघून गेले.

गेवराईहून तलवाड्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं लहानसं खासगी कृषी कॉलेज आहे. मी तिथे पहिल्या वर्षाच्या मुलांना 'पशुसंवर्धनाची ओळख' हा विषय शिकवते. अंकुशकाका कॉलेजची जनावरं सांभाळतात. दोन लाल कंधारी गाई, एक म्हैस आणि तेवीस उस्मानाबादी शेळ्या. काकांचं वय साठीच्या आसपास, अंगात बंडी, डोक्यावर टोपी. कॉलेजच्या आवारातच दोन खोल्यांत ते आणि गोदाकाकू राहतात. मूलबाळ नाही. गोठ्याला लागून घर आहे की घराला लागून गोठा, हे लांबून सांगता येत नाही.

माझं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात हे मला उत्तम माहीत होतं, फक्त मराठीत माहीत नव्हतं. पहिल्याच तासाला मी फळ्यावर रुमेन, रेटिक्युलम, ओमेसम, ॲबोमेसम असं लिहिलं. एसटी येईल तेव्हा येईल, अशा चेहऱ्याने चाळीस मुलं माझ्याकडे बघत बसली. दाराशी वैरणीचा भारा घेऊन काका उभे होते.

"म्याडम, मी सांगू का?"

मी मान हलवली. काकांनी भारा खाली टाकला.

"आरं, पयलं कोठीपोट. म्हंजे घरातली धान्याची कणगी. गाय दिसंल त्ये आधी कणगीत टाकती, निवडत न्हाई, पाखडत न्हाई. दुसरं जाळीपोट, म्हंजे चाळण. खिळा गिळला, तार गिळली, सगळं हितं अडकतंय. तिसरं पडदेपोट. पोथीवानी पानंच पानं, त्यात दाबून पाणी काढायचं. चौथं खरं पोट, म्हंजे चूल. तितं शिजतंय. आन् काम न्हाई तवा गाय निवांत बसून कणगीतलं परत तोंडात आणती, चावती. त्याला म्हंत्यात रवंथ."

"काका, माणसाला कावून चार पोटं न्हाईत?" मागच्या बाकावरून एकाने विचारलं.

"माणूस एकदा गिळलेलं परत देत न्हाई रं. रवंथ कशाचं करनार?"

परीक्षेत एका मुलाने गाईच्या पोटाची आकृती काढून चौथ्या कप्प्यात चूल काढली, वर धूरही दाखवला. मी पूर्ण मार्क दिले.

"तोंडाकडं काय बघता, पोटाकडं बघा," हे काकांचं ठरलेलं वाक्य. गाईच्या डाव्या कुशीत मूठ रोवून, डोळे मिटून ते उभे राहतात. दोन मिनिटांत पोट तीनदा हललं की तब्येत ठीक. एकदा आमचे प्राचार्य गोठ्यात उभे राहून कुठल्याशा पुढाऱ्याशी फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. काका डोळे न उघडता म्हणाले, "सर, जरा गप बसा. पोट बोलाया लागलंय." सर गप्प बसले. पलीकडचे पुढारीही बहुधा गप्प बसले असावेत.

जनावराच्या कमरेवर हात ठेवून मणक्यावर मांस किती, चरबी किती हे चाचपायचं आणि एक ते पाच गुण द्यायचे, असा आमच्या अभ्यासक्रमात एक भाग आहे. मुलांना त्याला तीन आठवडे लागतात. काकांना एक क्षण लागतो, आणि तो क्षण ते जनावरांपुरता ठेवत नाहीत. प्राचार्यांच्या वाढदिवसाला सर्वांत जुने कर्मचारी म्हणून काकांच्या हस्ते शाल देण्यात आली. शाल पांघरताना काकांचा हात सरांच्या कमरेवरून सावकाश फिरला. काका माइकपासून फार लांब नव्हते.

"साडेतीन," ते म्हणाले. सरांनी हसत विचारलं, "म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं हाय. फक्त चाराच्या वर जाऊ देऊ नका. गाभण राहायला तरास व्हतोय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण दुसरं काय करावं ते कुणाला सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काकांनी जन्मात मटण तोंडाला लावलेलं नाही. तरी बकरी बाजारात बोकडाचा सौदा अडला की माणसं काकांकडे येतात. काका बोकडाच्या पाठीवर, मग छातीच्या हाडावर हात फिरवतात आणि सांगतात, "जित्तं एकतीस किलो. कापून, सोलून, आतडी-कोठा काढून चौदा भरंल." रशीदभाई नावाचे एक जुने खाटीक आहेत, ते दरवेळी काकांनी सांगितलं तेवढंच भरल्याचं सांगायला येतात आणि दरवेळी म्हणतात, "काका, खाते नहीं तो इतना समझता कैसे?" काका म्हणतात, "आवं, मला चव बघायची नस्ती. म्हणून ध्यान वजनावर ऱ्हातंय."

दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघालेली माणसंही ट्रॅक्टर रस्त्यावर थांबवून, मागे ठेवायच्या शेळ्या काकांना दाखवून जातात. कुठली गाभण, कुठली पुढच्या महिन्यात विणार, कुठलीला पाला कमी पडतोय. काका शेळ्यांचं सांगतात आणि जाता जाता माणसांचंही. "तुकाराम, गेल्या साली चौसष्ट व्हतास. आता साठ हाईस. येताना चौसष्ट हो." तुकाराम हसतो आणि ट्रॅक्टर निघून जातो. परळीच्या वीजकेंद्राची राख अंगावर घेऊन आलेल्या माझ्या मामांना त्यांनी सांगितलं होतं, "अडुसष्ट. राखेसकट." मामांनी घरी जाऊन दोनदा आंघोळ केली.

असे हे काका अलीकडे एका माणसाचं वजन मात्र सांगत नसत. गोदाकाकूंचं.

त्याचं कारण आवारात सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यात काकूंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि जठराचा निम्मा भाग काढावा लागला. काका मला म्हणाले होते, "म्याडम, गाईचं एखादं गेलं असतं तर तीन उरली असती. हितं एकच व्हतं, त्यातलं अर्धं काढलं." पूर्वी अठ्ठेचाळीस किलोच्या काकू छत्तीसवर आल्या. बीडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळी झाली की दाखवायला या. तोवर चाळीस किलो झालं तर गोळ्यांवर भागेल. नाही झालं तर पुन्हा भरती करून नाकातल्या नळीने अन्न द्यावं लागेल. नळीचा अनुभव काकूंनी एकदा घेतला होता. त्या एवढंच म्हणाल्या, "परत न्हाई जायची मी तिकडं. हितंच मरंन, माझ्या शेळ्यांत."

दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या फळ्यावर, जिथे रोजचा खुराक लिहिलेला असतो, तिथे नवीन ओळ आली. वर गाभण शेळ्या, मग दुभत्या शेळ्या, मग बोकड आणि सगळ्यात खाली: गोदा. ज्वारीच्या कण्या दोन वाट्या, हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं एक वाटी, शेंगदाण्याचा लाडू एक, दूध अर्धा लिटर. सहा वेळा विभागून. सावकाश.

"पोट ल्हान झालं की थोडं थोडं, घडीघडी द्यायचं," काका म्हणाले. "ही काय मी काढलेली आयडिया न्हाई. तुमच्याच पुस्तकात हाय." ते पान वासरांच्या आहाराचं होतं, पण तत्त्व चुकीचं नव्हतं.

त्याच महिन्यात कॉलेजची तपासणी करायला समिती आली. समितीतल्या एका साहेबांनी फळा आणि शेजारचं शेळ्यांच्या वजनाचं रजिस्टर नीट वाचलं.

"ही गोदा कुठल्या जातीची?"

विद्यार्थ्यांतली एक मुलगी धीर करून म्हणाली, "सर, इथलीच आहे. गेवराईची."

"वजन सदतीस, दूध अर्धा लिटर. शेळीच्या मानाने ठीक आहे."

"देत न्हाई साहेब," काका मागून म्हणाले, "पिती."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते अहवालात आलं नाही, पण त्यांनी पुढचा गोठा बघायचं टाळलं, हे मी बघितलं.

दर रविवारी काकूंचं वजन व्हायचं. आवारात एकच मोठा काटा, शेळ्या तोलायचा. खाली लोखंडी फळी, भोवती पिंजरा, समोर गोल तबकडी, मागे दार. काकू आत उभ्या राहायच्या, काका मागे दार धरून उभे आणि तबकडीसमोर मी. मी कॉलेजच्याच होस्टेलवर राहत असल्यामुळे रविवारी सापडायचे, आणि काकांचा एक नियम होता. "बाजाराचा कायदा हाय म्याडम. ज्याचं जनावर, त्यानं काटा वाचायचा न्हाई. तिसऱ्यानं वाचायचा." मी वाचायचे आणि शेळ्यांच्या रजिस्टरात शेवटच्या ओळीत लिहायचे. तेवीस शेळ्यांना कानातल्या बिल्ल्याचे नंबर होते, चोविसावी ओळ बिननंबरी.

"माझ्याबी कानात बिल्ला ठोका की," काकू पिंजऱ्यातून म्हणायच्या. "कान रिकामंच हाईत."

"हल नको," काका म्हणायचे. "काटा थरथरतोय."

छत्तीस. साडेछत्तीस. सदतीस. मग दोन रविवार सदतीस. मग एका रविवारी पुन्हा साडेछत्तीस.

मी आकडा वाचला आणि वाटलं, वाचायला नको होता. काकू पिंजऱ्यातून उतरून घरात गेल्या. त्या दुपारी कण्यांची वाटी तशीच परत आली. "अंगाला लागतच न्हाई तर उगं कशाला अन्न नासवायचं?" त्या म्हणाल्या. सोमवारी लाडू परत आला. मंगळवारी काका गोठ्यात गाईच्या कुशीत मूठ रोवून इतका वेळ उभे होते की गाय कंटाळून बसली.

पुढच्या रविवारी काटा अडतीसवर गेला.

"अडतीस!" मी ओरडलेच. काकूंनी तबकडीकडे वळून बघितलं. त्या दिवशी वाटी रिकामी परत आली. त्यापुढच्या रविवारी साडेअडतीस. मग एकोणचाळीस. मी मनातल्या मनात वासरांच्या आहारावरच्या त्या पुस्तकाची माफी मागितली.

त्या एकोणचाळीसच्या रविवारी माझं पेन खाली पडलं. उचलायला वाकले तर पिंजऱ्याच्या खालून पलीकडचं दिसलं. फळीच्या मागच्या कडेवर एक उघडा पाय होता. अंगठा आणि बाजूची दोन बोटं, जपून टेकलेली. मी उभी राहिले. काका दार धरून वर पत्र्यांकडे बघत होते, जणू पत्रे मोजायचं काम त्यांना आजच मिळालंय.

मी रजिस्टरात एकोणचाळीस लिहिलं.

संध्याकाळी ते कडबाकुट्टीपाशी माझ्याजवळ येऊन थांबले. कुणाशीतरी बोलायला शब्द सापडत नाहीत, ही अवस्था मला चांगली ओळखीची आहे, म्हणून मीही थांबले.

"दीड किलो," ते शेवटी म्हणाले. "त्याच्यावर दाबत न्हाई. खरं साडेसदतीस हाय."

"काका, पण डॉक्टरांचा काटा..."

"ठावं हाय. दर रविवारी थोडा थोडा उचलतोय पाय. जनावराला कळलं ना, की आपुन भरतोय, तर त्ये खातंय. ह्ये पुस्तकात न्हाई." मग म्हणाले, "म्याडम, जिंदगीत कदी खोटं वजन सांगितलं न्हवतं. रशीदला इचारा."

मी म्हटलं, विचारायची गरज नाही.

पुढचे तीन रविवार मी तबकडी वाचली आणि काका पत्रे मोजत राहिले. एकोणचाळीस. सव्वाएकोणचाळीस. साडेएकोणचाळीस. त्यातला पाय किती आणि काकू किती, हे फक्त काकांना माहीत होतं, आणि मला विचारायचा धीर नव्हता.

दवाखान्यात जायच्या आदल्या दुपारी मी काकूंकडे गेले. त्या उंबऱ्यात बसून भाकरी खात होत्या. ताटात कालवण संपलं होतं. नुसती भाकरी, पाण्याच्या घोटाबरोबर, एकेक तुकडा, डोळे मिटून गिळत होत्या. फळ्यावर भाकरी नव्हती.

"काकू, भूक लागली का?"

"कशाची भूक गं. बळंच खाती." त्यांनी आणखी एक तुकडा मोडला. "तुला त्यांचा पाय दिसला न्हाई व्हय?"

मी एकदम खाली बघितलं. खोटं बोलता न येणाऱ्या माणसाला खाली बघायलाही येऊ नये.

"मला पयल्याच दिशी कळलं," काकू म्हणाल्या. "मागची फळी दबती की. चाळीस वर्सं झाली त्यांच्यासंगं, पायाचा भार वळकायला येत न्हाई व्हय?"

"मग तुम्ही बोलला नाहीत?"

"काय बोलू? उभ्या तालुक्यात ह्यांचा अंदाज कदी चुकला न्हाई. आता डाक्टरच्या काट्यावर चुकला तर? माझ्यापाई चुकला म्हंतील लोक." त्यांनी तुकडा गिळला, पाणी प्यायल्या. "म्हणून त्यांनी जेवढं दाबलं, तेवढं भरून काढाया लागलेय. लाडू त्ये देत्यात. भाकर माझी मी घेती. त्यांला सांगू नको."

मी कुणालाच काही सांगत नाही, हे बहुधा दोघांनाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं एसटीने बीडला गेलो. डॉक्टर मध्येच इंग्रजीत बोलतात म्हणून मला बरोबर घेतलं होतं. कंडक्टर काकांच्या पुढ्यात तिकिटाचं यंत्र घेऊन उभा राहिला. चांगला भरदार माणूस होता. काकांनी त्याच्याकडे बघितलं आणि काहीच म्हटलं नाही. पूर्ण रस्ता ते खिडकीबाहेर बघत राहिले, आणि खिडकीबाहेर कितीतरी गुरं चरत होती.

दवाखान्यातला काटा काचेचा, सपाट, लाल आकड्यांचा. नर्सने काकूंना चपला काढून वर उभं राहायला सांगितलं. तरुण मुलगी होती, हसतमुख. काकांना म्हणाली, "बाबा, किती भरेल, सांगा बरं?"

काकांनी तोंड उघडलं. आकडा आला नाही. त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीवरच्या तक्त्यातल्या हसऱ्या बाळाकडे बघायला लागले.

लाल आकडे पळाले, थांबले. एकोणचाळीस आठशे.

नर्स पेन उघडून थांबली. मी आधी काकांच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय काट्यापासून हातभर लांब, जमिनीवर. मग वर बघितलं. काकूंच्या लुगड्याच्या पदराचं टोक काकांच्या मुठीत होतं. मागे, वर ओढून, घट्ट धरलेलं. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

काकू मागे न वळता म्हणाल्या, "अवं, पदर सोडा."

काकांनी आपल्या मुठीकडे बघितलं. एकेक करून बोटं उघडली. पदर खाली आला आणि आकडे पुन्हा पळाले.

"चाळीस," मी म्हणाले. त्या लहान खोलीत माझा आवाज जरा मोठाच आला.

नर्सने लिहून घेतलं. काकू काट्यावरून उतरल्या, चपला घातल्या, पदर खांद्यावर सारखा केला. काका अजून तिथेच, उघडा हात तसाच धरून उभे. काकूंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग पदराचं टोक ओढून परत त्यांच्या हातात दिलं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे चालू लागल्या.

काका मागोमाग निघाले.